तापाची चौकशी

डोंगरकड्यात ताप आला की माणूस आधी मेडिकलवर जातो. ‘अंग मोडून आलंय, दोन टाइमाच्या गोळ्या द्या’ म्हटलं की पुडी हातात पडते, आणि त्या पुडीत पुष्कळदा एक अँटिबायोटिकही असतं. तेवढ्यानं भागलं नाही तर सलाईन. सलाईननंही उतरला नाही तर रक्त तपासायचं, म्हणजे ‘विडाल’ आणि ‘पेशी’. पेशी कमी निघाल्या की पपईच्या पानांचा रस, शहरातून मागवलेली किवी, आणि मग गाडी करून अर्धापूरमार्गे नांदेड. तिथं पोचेपर्यंत आठवडा गेलेला, दोन-तीन डॉक्टर आणि तेवढीच अँटिबायोटिकं झालेली असतात. ताप कशाचा, हा साधा प्रश्न मात्र कुणी सवडीनं बसून विचारलेलाच नसतो.

हा प्रश्न विचारण्यासाठीच वैद्यकात एक अख्खी शाखा आहे. तिच्या डॉक्टरला संसर्गरोगतज्ज्ञ म्हणतात. कोरोनाच्या दोन वर्षांत टीव्हीवर ही मंडळी रोज दिसत होती, म्हणून निदान नाव तरी कानावर पडलं. एरवी हृदयाचा, हाडांचा, मुतखड्याचा डॉक्टर कुठं बसतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तापाचा डॉक्टर म्हणून वेगळा कुणी असतो, हे शिकल्यासवरलेल्यांनाही सांगावं लागतं. आणि गंमत अशी की आपल्याकडचं निम्मं दुखणं तापाचंच.

डोंगरकडा कळमनुरी तालुक्यात, नांदेड-हिंगोली रस्त्यावर, खिचडीसाठी नावाजलेल्या वारंगा फाट्याजवळ. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचं पाणी या पट्ट्यात आलं आणि केळी, ऊस, हळद असं बागायती रान उभं राहिलं. पैसा आला, बारमाही ओलही आली. ओलीत डास आले, उंदीर आले, बांधावरच्या गवतात डोळ्यांना न दिसणारे किडे आले. भादवा-अश्विनात इथल्या माणसाला ताप आला तर तो डेंग्यूचा असेल, मलेरियाचा असेल, टायफॉइडचा असेल, उंदराच्या मुतातून येणाऱ्या लेप्टोचा असेल, नाहीतर स्क्रब टायफसचा. पाचही तापांची सुरुवात सारखीच: हुडहुडी, डोकेदुखी, अंगदुखी. औषधं मात्र वेगळी, आणि एकाला तर औषधच नाही, नुसती राखण करायची असते.

निदान करणाऱ्या नजरेचा एक जुना दाखला मुंबईचा आहे. गोव्याच्या हडफड्यात जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगश ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून मुंबईत दवाखाना चालवत होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातले ताप आणि जांघेतल्या गाठी पाहून त्यांनी सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे. वखारींचा, धान्याच्या कोठारांचा, बंदराच्या व्यापाराचा तो भाग. असं निदान कुणाला हवं असणार? पण ते खरं ठरलं. त्याच ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले, ग्रँट कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. हाफकिन डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. संसर्गरोगांचा इतिहास असा डॉक्टर आणि बिगरडॉक्टर यांनी मिळून लिहिलेला आहे, हे आजच्या डिग्रीच्या जमान्यात ध्यानात ठेवलेलं बरं. पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्ण वाहून आणताना गेल्या. तारीख १० मार्च १८९७.

त्या काळी डोंगरकडा निजामाच्या राज्यात होतं आणि हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. प्लेगनं मुंबई-पुणं हादरलं त्याच वर्षी, २० ऑगस्टला, निजामाच्याच मुलखात सिकंदराबादेला रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरनं डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. त्याला १९०२ चं नोबेल मिळालं. हैदराबादच्या नल्लाकुंट्यातल्या सरकारी तापाच्या दवाखान्याला आज त्याचं नाव आहे, पण लोक त्याला कोरंटी दवाखाना म्हणूनच ओळखतात. मुंबईचं कस्तुरबा आणि पुण्याचं नायडू ही त्याच वळणाची रुग्णालयं. गावकुसाबाहेर बांधलेली, साथ आली की भरणारी, साथ सरली की विसरली जाणारी. मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण नायडूतच दाखल झाले. शंभर वर्षं आपण संसर्गरोगांकडे असंच पाहिलं: साथ म्हणजे बंदोबस्ताचं काम, आणि बंदोबस्त म्हणजे सरकारी इमारत. तिथं काम करणाऱ्या डॉक्टरचं वेगळं शिक्षण असावं, हा विचार फार उशिरा आला.

या शाखेत कारकीर्द कशी घडते हे पाहायचं तर एक मराठी आडनाव घेतलं पाहिजे, जरी त्या बाईंचं सारं आयुष्य मद्रासेत गेलं. सुनीती गायतोंडे. चामड्याच्या व्यापारात असलेल्या मराठी कुटुंबातली, आठ भावंडांत एकुलती एक मुलगी. लहानपणी देवीची लस टोचायला दरवर्षी आरोग्य अधिकारी घरी यायचे, त्यांच्यामुळं डॉक्टर व्हायचं डोक्यात आलं, असं त्या सांगत. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, हृदयशल्यचिकित्सक व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी लग्न झालं, इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात काम केलं आणि १९७३ मध्ये परत आल्या. मग त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र धरलं. परदेशी नियतकालिकांत १९८१ पासून एका नव्या आजाराविषयी छापून येत होतं. आपल्याकडे तो नाहीच, आपली संस्कृती वेगळी, असं मोठमोठी माणसं सांगत असताना डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपल्या विद्यार्थिनीला, डॉ. निर्मला सेल्लप्पन यांना, प्रबंधासाठी तोच विषय दिला.

निर्मलाबाईंनी १९८६ मध्ये सुधारगृहातल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं. तपासणीची सोय मद्रासेत नव्हती. नमुने घरच्या फ्रीजमध्ये ठेवले, मग बर्फाच्या डब्यातून रेल्वेनं वेल्लोरला नेले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. भारतात एचआयव्ही आहे, हे असं कळलं: एक प्राध्यापिका, एक विद्यार्थिनी आणि एक बर्फाचा डबा. पुढं सुनीतीबाईंनी नोकरी सोडली आणि १९९३ मध्ये वडिलांच्या, वाय. आर. गायतोंडे यांच्या, नावानं केंद्र काढलं. तिथं तपासणी होती, उपचार होते, आणि त्याहून जास्त म्हणजे बोलणं होतं. दोघंही पॉझिटिव्ह असलेल्या तरुण-तरुणींची लग्नं त्या जुळवून द्यायच्या. जुलै २०१५ मध्ये त्या गेल्या; पद्मश्री मिळाली ती २०१७ मध्ये, मरणोत्तर.

लग्नं जुळवणं हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. पण ज्या रोगाची लाज वाटते त्या रोगाचा डॉक्टर फक्त गोळ्या लिहून मोकळा होऊ शकत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. मराठवाड्यात हे काम डॉक्टरांच्या आधी कार्यकर्त्यांनी उचललं. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी उभं केलेलं ‘सेवालय’ आपल्या डोळ्यांदेखतचं आहे. ही मुलं जगली, मोठी झाली, कारण एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली. आणि ती देणं परवडलं, कारण मुंबईच्या सिप्लानं २००१ मध्ये तीन औषधांचा वर्षाचा खर्च साडेतीनशे डॉलरवर आणून जगाला चकित केलं होतं. औषध स्वस्त झाल्याशिवाय डॉक्टरच्या विद्येला फारशी किंमत उरत नाही. या शाखेत तर नाहीच.

आता शिक्षणाचं. डोंगरकड्याच्या शाळेतली एखादी हुशार पोरगी संसर्गरोगतज्ज्ञ व्हायचं म्हणाली, तर तिची वाट कशी असेल? दहावीनंतर नांदेड नाहीतर लातूर, क्लास, खोली, मेस, आणि नीट. मग एमबीबीएस: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेज असेल तर बंधपत्राचं एक वर्ष ग्रामीण सेवेत. पुन्हा नीट-पीजी, मग मेडिसिन नाहीतर बालरोग या विषयात तीन वर्षांचं एमडी. पुन्हा परीक्षा आणि डीएमची तीन वर्षं. नुसती शिक्षणाची वर्षं मोजली तरी साडेअकरा, परीक्षांच्या तयारीत जातात ती वेगळीच. पोरगी गावी येईल तेव्हा तिशी उलटलेली असते, आणि बरोबरीच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जात असतात.

संसर्गरोगातलं डीएम आपल्याकडे अगदी अलीकडचं आहे. दिल्लीचं एम्स, वेल्लोरचं सीएमसी अशा मोजक्या ठिकाणी ते शिकवतात. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या मान्यतेनं काही मोठ्या खासगी रुग्णालयांतही शिक्षण मिळतं. त्याआधीच्या पिढीतले लोक परदेशी शिकून आले, नाहीतर एमडी झाल्यावर एचआयव्ही, क्षय, आयसीयू असं काम करता करता स्वतःच घडले. देशातल्या या डॉक्टरांची संघटनासुद्धा २०१० च्या सुमाराची. हृदयरोगतज्ज्ञांच्या मानानं हे रांगतं बाळच.

त्या तीन वर्षांत शिकवतात काय? एक गोष्ट बाहेरच्याला विचित्र वाटेल: या डॉक्टरला बहुतेक ठिकाणी स्वतःचा वॉर्ड नसतो. तो दुसऱ्यांच्या पेशंटकडे जातो. मूत्रपिंड बदललेला, कॅन्सरची केमो चालू असलेला, गुडघ्याच्या सांध्यात पू झालेला, आयसीयूत व्हेंटिलेटरवरचा. बोलावणं आलं की जायचं, केसपेपर पहिल्या पानापासून वाचायचा आणि पुष्कळदा दुसऱ्या डॉक्टरनं लिहिलेल्या औषधावर काट मारायची. ती काट मारताना समोरच्या ज्येष्ठ सर्जनचा मान राखायचा, ही कला वेगळी शिकावी लागते. शिवाय प्रयोगशाळेत बसून जंतू ओळखायचे, एचआयव्हीची ओपीडी, क्षयाची ओपीडी, आणि रुग्णालयात हात कोण धुतं, कोण धुत नाही याची पाहणी. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाईसनं डॉक्टरांना हात धुवायला सांगितलं तेव्हा त्याला वेड्यात काढलं. आजही हा विषय काढणारा फारसा लोकप्रिय होत नाही.

पण खरी विद्या आहे ती चौकशीची आणि तपासण्याची. समजा, ऑक्टोबरात एक बाई पाच दिवसांचा ताप घेऊन आली. घाईतला डॉक्टर नाडी बघतो, जीभ बघतो, लिहून देतो. शिकलेला डॉक्टर स्टूल पुढं ओढतो.

“मावशी, ताप रोज येतो का दिवसाआड?”

“रोजच की. तिसऱ्या पारी चढतो, मंग लई हुडहुडी भरती.”

“शेतात काय चाललंय सध्या?”

“निंदायला जातो. गवत कमरंएवढं झालंय.”

“घरात जनावरं? एखादी गाय गाभडली का इतक्यात?”

शेवटचा प्रश्न ऐकून मावशी चमकते. तापाचा आणि गाय गाभडण्याचा काय संबंध? आहे, जनावरांच्या गर्भपातातून आणि कच्च्या दुधातून माणसाला ब्रुसेलोसिस होतो, आणि तो महिनोन्‌महिने चढउतार करत राहतो. पुढं आणखी: पाणी बोअरचं की कालव्याचं, सणाला पुण्या-मुंबईहून कोण आलं होतं, घरात कुणाला जुनाट खोकला आहे का, याआधी कुठल्या गोळ्या घेतल्या, त्यांची पाकिटं आणलीत का. हे सगळं विचारायला वीस मिनिटं लागतात. मग नर्सबाईंना जवळ बोलावून, पडदा ओढून, अंग तपासायचं: काख, जांघ, स्तनाखाली, मानेमागं, परकराची नाडी जिथं काचते तिथं. तिथं सिगारेटचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली सापडली, की निदान जवळजवळ झालंच. स्क्रब टायफस. गवतातल्या किड्याच्या पिल्लानं चावलेली ती जागा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईनं ती सांगितलेलीच नसते. उपाय डॉक्सिसायक्लिन, काही रुपयांची गोळी. ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. सलाईनमधून जाणारं महागडं सेफट्रायॅक्सोन मात्र या जंतूला काही करत नाही. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात या तापानं माणसं दगावली, तेव्हा कुठं आपल्याकडे त्याचं नाव वर्तमानपत्रात आलं.

दुसरी विद्या थांबण्याची. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्त कल्चरला पाठवायचं: दंड स्वच्छ पुसून, दोन्ही हातांतून, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. जंतू वाढायला एक-दोन दिवस, कधी तीन, तो कुठल्या औषधाला दाद देतो हे कळायला आणखी एक. गावात इतका धीर नाही आणि सोयही नाही, म्हणून विडाल. ही तपासणी फ्रान्समध्ये १८९६ ची, म्हणजे व्हिएगश मांडवीत गाठी तपासत होते त्याच वर्षीची. ज्या मुलखात टायफॉइड घरोघरी होऊन गेलेला आहे तिथं एकट्या विडालवर भरवसा ठेवणं म्हणजे नाणं उडवणं. तरी आपल्याकडे ‘टायफॉइड निघाला’ हे वाक्य बहुधा विडालच्याच जोरावर म्हटलं जातं, आणि त्या वाक्यामागून दहा दिवसांची इंजेक्शनं येतात.

या घाईची किंमत मोठी आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळं २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं मेली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस चार क्षयरुग्णांची नोंद जगापुढं ठेवली. त्यांचा क्षय तपासलेल्या सगळ्या औषधांना पुरून उरला होता. सरकारी पातळीवर बरीच खळबळ झाली. पुढं नवी औषधं आली, आता औषधाला न जुमानणाऱ्या क्षयासाठी सहा महिन्यांचा उपचारही मंजूर झालाय, पण तो क्षय तयार कसा झाला याचं उत्तर जुनंच आहे: अर्धवट, चुकीच्या, ज्यानं त्यानं लिहिलेल्या गोळ्या. १ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिकं एच-वन यादीत टाकली, त्यांची मेडिकलवाल्यानं वेगळी नोंद ठेवायची. नोंदवही बहुतेक दुकानांत असते. त्यात काय लिहिलेलं असतं, ते विचारू नये.

मग असा डॉक्टर जास्त संख्येनं का तयार होत नाही? माझ्या मते उत्तर सरळ पैशाचं आहे. स्टेंट टाकला तर बिल होतं, दुर्बिणीनं खडा काढला तर बिल होतं, सांधा बदलला तर फारच मोठं होतं. वीस मिनिटं चौकशी करून तीन औषधं बंद केली, तर बिल कशाचं करायचं? उलट रुग्णालयाच्या औषध दुकानाचं नुकसानच. अमेरिकेतही दर वर्षी संसर्गरोगाच्या प्रशिक्षणाच्या कितीतरी जागा रिकाम्या राहतात, कारण तिथंही डोक्यानं काम करणाऱ्यापेक्षा हातानं काम करणाऱ्या डॉक्टरला जास्त मिळतं. आपल्याकडे जे थोडे घडतात ते मुंबई, पुणं, नागपूर अशा शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत जातात. त्यांना दोष कसा देणार? कल्चरची सोय, आयसीयू आणि पगार तिथंच आहे. पण त्यामुळं हा डॉक्टर तापाच्या प्रवासात अगदी शेवटच्या स्टेशनावर भेटतो, अँटिबायोटिकांचा सगळा पाढा म्हणून झाल्यावर.

पहिल्या स्टेशनावरही चांगलं काम होऊ शकतं, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर नागपुरात शिकून १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. विंचवाच्या दंशानं माणसं कशी मरतात हे त्यांनी खाटेशेजारी बसून टिपलं. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’नं छापलं. विंचू हा संसर्ग नव्हे, पण पद्धत तीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखून घरी इंजेक्शन द्यायला शिकवलं. त्यानं बालमृत्यू किती घटले हे १९९९ च्या लेखात आलं आणि पुढं देशाच्या ‘आशा’ कार्यक्रमात उतरलं.

उलटा दाखला आपल्या शेजारचा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुढच्या वर्षी ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या तापाचे रुग्ण दिसले. भूकंपाच्या धसक्यानं लोक घरं सोडून बाहेर राहिले, घरातल्या धान्यावर उंदीर पोसले, असं त्याचं कारण तेव्हा सांगितलं गेलं. सप्टेंबरात सुरतेत साथ पेटली. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं, कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपं लागली. हा प्लेगच की दुसरंच काही, यावर तज्ज्ञ कितीतरी दिवस भांडत राहिले, कारण सुरुवातीचे नमुने जसे घ्यायला हवेत तसे घेतलेच गेले नव्हते. ज्या राज्यात हाफकिननं लस केली, ज्या पुण्यात १९५२ पासून विषाणू संस्था आहे, तिथली ही गोष्ट. मोठी प्रयोगशाळा पुण्यात असून भागत नाही. मामल्यात सुई कुणी, कधी आणि कुठल्या औषधाच्या आधी टोचली, यावर सगळं ठरतं.

हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झालं, शंभर जागांचं. १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला पंचवीस वर्षांनी कॉलेज मिळालं. तिथं संसर्गरोगाचा डीएम झालेला प्राध्यापक उद्याच येईल अशी माझी अपेक्षा नाही. पण सूक्ष्मजीवशास्त्र विभाग प्रत्येक कॉलेजात असावाच लागतो, आणि त्या विभागानं मनावर घेतलं तर दोन गोष्टी डीएमवाचूनही होतील. डोंगरकड्यासारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना कल्चरच्या बाटल्या द्यायच्या आणि रोज ठरल्या वेळी त्या गोळा करणारी गाडी फिरवायची. क्षयाच्या बेडक्याचे नमुने असे फिरतातच, रक्ताला वेगळा रस्ता लागत नाही. आणि वर्षाकाठी एक पान छापायचं: या जिल्ह्यात टायफॉइडच्या जंतूला कुठलं औषध अजून लागू पडतं, लघवीच्या जंतूला कुठलं, आणि कुठलं आता कशालाच पडत नाही. ते पान दोन प्रतींत निघावं. एक केंद्राच्या डॉक्टरच्या टेबलावर, दुसरी मेडिकलवाल्याच्या काउंटरवर.